पलीकडच्या गावाचं नाव

क्रोल आणि हॅसलबी या दोन गावांत विस्तव जात नव्हता. का, ते कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी म्हणे ओढ्याच्या पाण्यावरून, कुणी म्हणे चर्चच्या घंटेवरून. पर्सी टोलरचे आजोबा तर शपथेवर सांगत, की सगळं एका हरवलेल्या डुकरिणीवरून सुरू झालं. रेल्वे आली तेव्हा दोन्ही गावांना स्टेशन आपल्याच दारात हवं होतं. शेवटी रेल्वेवाल्यांनी कंटाळून ते बरोबर मधोमध, दोन्हीकडून दीड-दीड मैलावर, बीटच्या शेतात नेऊन ठेवलं आणि पाटीवर दोन्ही नावं लिहिली. हॅसलबीचं आधी आलं. झालं! तेव्हापासून क्रोलचा माणूस त्या गावाचं नाव तोंडाने घेत नाही. 'पलीकडे' म्हणतो. पलीकडचा पाद्री, पलीकडची गाय, पलीकडून आलेला खोकला.

आणखीही एक रीत होती. गाडीतून कुणी अनोळखी माणूस उतरला, म्हणजे ब्रश विकणारा, वर्गणी मागणारा, धर्माची पत्रकं वाटणारा असा कुणी, आणि त्याने रस्ता विचारला, तर क्रोलच्या माणसाने त्याला पलीकडच्या रस्त्याला लावायचं. पूर्वी स्टेशनावर हॅसलबीचा हमाल होता तेव्हा तो अशांना क्रोलकडे पिटाळायचा. नको ती ब्याद दुसऱ्याच्या दारी, इतका साधा हिशेब. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे.

पर्सी क्रोलचा. वय सत्तावन्न. स्टेशनमास्तर तोच, हमाल तोच, सिग्नल पाडणारा तोच आणि फलाटावरच्या डेलियांना पाणी घालणाराही तोच. "एक डोकं नि बारा टोप्या," असं गार्ड हॉब्स त्याला चिडवायचा.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वरून पत्र आलं. सोमवार ते शनिवार, चढणारी-उतरणारी माणसं मोजून कळवा. रोजची सरासरी वीस भरली तर ठीक, नाहीतर स्टेशन बंद. पर्सीकडे रोज सतरा-अठरा माणसं होत, तीही जत्रेचा आठवडा असला तर.

स्टेशन बंद झालं असतं तर पर्सी काही उघड्यावर पडणार नव्हता. क्रोलमध्ये त्याचं स्वतःचं घर होतं, मागे वाटाण्याचे वाफे होते. त्याला धास्ती वाटली ती वेगळ्याच कारणाने. मेव्हिस त्याची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी तिने पलीकडच्या रेग डॉसनशी लग्न केलं. "मी पलीकडे पाऊल टाकणार नाही," असं पर्सी म्हणाला, आणि लग्नाच्या दिवशी खरंच फलाट झाडत बसला. "मग मीही क्रोलचा उंबरा चढणार नाही," मेव्हिस म्हणाली. बापाला झाकावं नि लेकीला काढावं. पण मेव्हिस स्टॅल्बीत हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती. सकाळी आठ-वीसच्या गाडीने जायची, दुपारी चार-दहाच्या गाडीने परतायची. दिवसातून दोनदा बाप लेकीचं तिकीट हातात घ्यायचा.

"थंडी आहे."

"आहे खरी."

दोन वर्षं एवढंच. उन्हाळ्यापासून तिच्या कोटाचं मधलं बटण लागेनासं झालं होतं. पर्सीने ते पाहिलं, विचारलं काहीच नाही. घरी जाऊन ऑलिव्हला, आपल्या बायकोला, तेवढं सांगितलं. ऑलिव्ह बटाटे सोलत होती. तिने हातातला बटाटाच त्याच्या अंगावर भिरकावला.

"मेल्या दगडा! नातवाचं तिकीटही असंच टोचणार आहेस का?" म्हणाली, आणि ढसाढसा रडली.

तर असं होतं. स्टेशन ना इकडचं, ना तिकडचं. तिथे बापाला लेक दिसत होती आणि दोघांचा हट्टही शाबूत राहत होता. ते गेलं की सगळंच गेलं. पर्सीने नवी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि सोमवारी सकाळी देवाचं नाव घेऊन मोजायला सुरुवात केली.

सोमवारी धुकं होतं. उन्हाचा रंग लागलेलं, दुधावरच्या सायीसारखं धुकं. चार-दहाची गाडी त्यातून आवाज न करता आल्यासारखी आली. नेहमीची माणसं उतरली, मेव्हिस उतरली, आणि शेवटी एक जण उतरला तो तपकिरी कोट घातलेला. हातात सामान नाही. त्याने तिकीट दिलं, टोपी काढली आणि अदबीने विचारलं,

"एलमथॉर्पला कुठल्या रस्त्याने जायचं हो?"

पर्सीचा जन्म या भागात गेला होता. एलमथॉर्प नावाचं गाव वीस मैलांत नव्हतं. हे त्याला सांगावंसं वाटलं. पण संस्कार आडवे आले. त्याने खुशाल पलीकडचा रस्ता दाखवला.

"हा असा सरळ. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही."

"फार उपकार झाले," म्हणून माणूस चालू लागला. तो गेल्यावर फाटकाशी सफरचंदांचा वास राहिला. माळ्यावर पेंढ्यात घालून ठेवलेल्या, सुरकुतायला लागलेल्या सफरचंदांचा. पर्सीला आपल्या आईची आठवण झाली आणि उगीचच बरं वाटलं.

मंगळवारी तसे चार उतरले. दोन पुरुष, दोन बायका. चौघांनी एकेक करून तेच विचारलं. पहिल्याला दाखवलेला रस्ता दुसऱ्याने पाहिलेला असायचा, तरी तो विचारायचा, आणि पर्सीने हात करीपर्यंत जागचा हलायचा नाही. सगळे सभ्य, गुळगुळीत चेहऱ्यांचे. त्यांतला एकही चेहरा पाठ फिरल्यावर आठवत नसे. बुधवारी नऊ आले. वहीतला त्या दिवसाचा आकडा चोवीसवर गेला. पर्सीला हसू आवरेना.

"काय रे, कुठून आणतोस ही माणसं?" त्याने गार्ड हॉब्सला विचारलं. "देव तुझं भलं करो."

हॉब्स एरवी तोंडाळ गडी. त्या दिवशी मात्र हिरवी झेंडी गुंडाळत, उलगडत उभा राहिला.

"मी नाही आणत. मी एकालाही चढताना पाहिलेलं नाही, पर्सी."

"म्हणजे?"

"बसलेली असतात. मधल्या कुठल्याशा वळणानंतर डबा भरलेला असतो. तिकीट मागितलं की देतात. तिकीट अगदी बरोबर. मग मी काय बोलणार?" त्याने शिट्टी तोंडाजवळ नेली, पुन्हा खाली घेतली. "बोलत नाहीत रे आपसांत. एवढी माणसं, पण कुणी साधं खोकतही नाही."

गाडी गेली. पर्सीने जमा झालेली तिकिटं मोजायला घेतली. ती गरम होती, नुकतीच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी. तासाभराने कुलूप लावताना त्याने पुन्हा हात लावून पाहिला. तेव्हाही गरम.

घरी त्याने ऑलिव्हला सांगितलं. ती म्हणाली, "नव्या धरणावरचे मजूर असतील. किंवा पाखरं बघणारे. शहरातल्या लोकांना काय, काहीही सुचतं. तू आपला आकडा बघ." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि सगळ्यांना पलीकडे धाडलंस होय? एकालाही चहाला आणावंसं वाटलं नाही?"

"पलीकडचे पाजतील की चहा," पर्सी म्हणाला.

गुरुवारी सकाळी मेव्हिस गाडीच्या आधी दहा मिनिटं आली. धुकं रुळांवरून वाहत होतं. ती तिकिटाच्या खिडकीशी आली आणि म्हणाली,

"बाबा."

दोन वर्षांत पहिल्यांदा. पर्सीच्या हातून तिकिटं टोचायचा चिमटा खाली पडला.

"ते लोक आमच्याकडे राहायला आलेत," मेव्हिस म्हणाली. "संध्याकाळी मी चालते तेव्हा मागून येतात. कधी पुढे जात नाहीत. कुणाच्या घरी शिरतात तेही दिसत नाही. पण काल सासूबाईंनी जेवायला सात ताटं मांडली. आम्ही चौघंच आहोत, बाबा."

"मग? विचारायचं ना तिला."

"तेच तर. विचारावंसं कुणाला वाटलंच नाही. मलासुद्धा. सगळे जेवले, छान गप्पा झाल्या. इथे फलाटावर आल्यावर आत्ता कुठे वाटतंय, की त्या तीन ताटांवर कोण होतं?" ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "फार शांत झालंय गाव. भांडणं नाहीत. कुत्री भुंकत नाहीत. झोप इतकी गोड लागते, की सकाळी उठवत नाही."

पर्सीला खूप काही बोलायचं होतं. पाठ दुखते का, दूध पितेस का, दिवस कधी भरतात. पण दोन वर्षांचा गंज असा एका सकाळी निघतो होय! तो म्हणाला, "थंडी आहे. मफलर घालत जा." मेव्हिसने मान हलवली, आणि गाडी आली.

शुक्रवारी त्याच्या ध्यानात आलं, की सकाळच्या गाडीला पलीकडून मेव्हिसशिवाय कुणीच आलं नव्हतं. रोजचे डायसन बंधू नाहीत, शाळेतल्या बाई नाहीत, दुधाचे कॅनही नाहीत. वारा पलीकडून होता, तरी त्यांची घंटा ऐकू आली नाही. क्रोलचे लोक म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. आणि आकडा तर वाढतच होता. त्या दुपारी बावीस अनोळखी माणसं उतरली. पर्सीने बावीस वेळा हात केला. शेवटी शेवटी हात आपोआपच वर होत होता, आणि बावीस पाठी एकामागून एक त्या सोनेरी धुक्यात विरघळताना पाहणं त्याला, खरं सांगायचं तर, आवडायला लागलं होतं.

शनिवारी मेव्हिस आली ती सावकाश, झोपेत चालावी तशी. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. फक्त हात खिडकीच्या फळीवर घट्ट धरलेले.

"बाबा, एक काम करा माझं. आमच्या गावाचं नाव सांगा."

"काय?"

"काल आईला पत्र लिहायला बसले. वर गावाचं नाव लिहायचं, तर आठवेना. रेगला विचारलं तर तो नुसता हसला. पाटी मघापासून बघतेय, पण वाचताच येत नाहीये. तुम्ही म्हणा ना एकदा. मोठ्याने. तुम्ही म्हटलंत की राहील माझ्या लक्षात."

पर्सीने तिच्याकडे पाहिलं. आईला पत्र, म्हणजे मायलेकींचं काहीतरी शिजत होतं तर! ही सगळी ऑलिव्हचीच शिकवणी, त्याला वाटलं. पोरगी रुसवा सोडून आली, पण नाक बापाचंच खाली करणार. क्रोलच्या माणसाच्या तोंडून ते नाव काढवणार, आणि मग दोघी मिळून वर्षभर हसणार. त्याला रागही आला नाही. उलट गंमत वाटली, आणि लेक पुन्हा खोड्या करू लागली म्हणून जीव सुखावला.

"पलीकडे," तो डोळे मिचकावून म्हणाला. "पलीकडे म्हणतात त्याला."

ती तशीच उभी राहिली. तो पुढे काही म्हणेल म्हणून वाट पाहत राहिली. गाडी आली, हॉब्सने शिट्टी दिली, दार उघडून धरलं. मेव्हिस चढली. काचेमागून ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

गाडी गेल्यावर पर्सी सहज पाटीकडे गेला. क्रोल हे नाव स्पष्ट होतं. त्याच्या आधीचं नावही होतं. पांढरी अक्षरं, रंग कुठेही उडालेला नाही. एकेक अक्षर त्याला दिसत होतं. पण ती जोडून काही होत नव्हतं. त्याने बोट लावून वाचायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर वाचून दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिलं निसटत होतं.

मग त्याने ते नाव मनात आठवून पाहिलं.

फलाटावर ऊन होतं. डेलिया फुलल्या होत्या. पर्सी पाटीशी उभा राहून 'पलीकडे, पलीकडे' एवढंच पुटपुटत राहिला. स्टॅल्बीच्या दुकानात फोन नव्हता. चार-दहापर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. तो दिवस त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत.

चार-दहा वेळेवर आली.

चौदा अनोळखी माणसं उतरली. वहीचा आकडा भरला, स्टेशन वाचलं. पर्सीने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो डब्यांकडे पाहत होता. हॉब्स त्याच्याशी न बोलता, खाली मान घालून गाडी घेऊन गेला.

त्या दिवशी रस्ता कुणीच विचारला नाही. चौदा तिकिटं त्याच्या हातात आली आणि चौदा जण फाटकाबाहेर जाऊन थांबले. मग पंधरावं तिकीट आलं. हात ओळखीचा होता.

"माफ करा हं," मेव्हिस म्हणाली. आवाज गोड, अदबशीर. "एलमथॉर्पला कुठल्या रस्त्याने जायचं?"

"मेव्हिस. अगं, मी बाबा."

ती हसली. भल्या माणसाची थट्टा समजली नाही, तरी त्याला वाईट वाटू नये म्हणून हसावं तशी.

"घरी जायचंय ना तुला? रेगकडे? तुझं गाव..." पर्सीने तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर असावं असं वाटलं. त्याने जोर केला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझं गाव... पलीकडे," तो म्हणाला.

ती वाट पाहत होती. बाहेरचे चौदाही वळून त्याच्या हाताकडे बघत होते.

पलीकडचा रस्ता आता कुठे जात होता कोण जाणे. तिकडे तिला धाडायचं? मुळीच नाही. क्रोलच्या रस्त्यावर त्याचं घर होतं, ऑलिव्ह होती. आणि आपण हात करू तिकडे हे सगळे जाणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने ओठ चावला. पण समोर लेक होती, कोटाचं बटण न लागणारी, आणि थंडी पडत चालली होती.

"चल," तो म्हणाला. "मी येतो सोबत. आपल्या घरी चल, पोरी."

त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. स्टेशनला कुलूप लावायचंही त्याला सुचलं नाही. क्रोलच्या रस्त्याला दोघं लागली. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते असं अचानक झालं होतं, आणि काही झालं तरी पर्सीला आनंद झाला. इतका, की त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मागे खडीवर पावलं वाजत होती. पुष्कळ पावलं. घाई कुणालाच नव्हती.

धुकं उबदार होतं. सफरचंदांचा वास येत होता.

ओढ्याच्या पुलावर त्याने तिला विचारलं, पाठ दुखते का. ती म्हणाली, नाही.

कुंपणाच्या वळणावर त्याला वाटलं, हिला काहीतरी म्हणून हाक मारायची होती. पण मग ते राहिलं.

पुढे किती छान घरं होती! खिडक्यांत दिवे लागायला लागले होते. एका घरामागे वाटाण्याचे वाफे दिसले, नीट राखलेले. कुणीतरी कष्टाळू माणूस राहत असावा, असं त्याच्या मनात आलं. सोबतची ती तरुण बाई त्याच घराशी थांबली, म्हणून तोही थांबला.

दार उघडलं. आतून एक बाई आली, हाताला पीठ लागलेलं. तिने तरुण बाईला पाहिलं आणि किंकाळीच फोडली. "मेव्हिस! अगं माझी बाई गं!" तिने पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली, तिचे गाल कुरवाळले, तिच्या पोटावर हात ठेवला आणि हसत हसत रडायला लागली.

पर्सीने टोपी काढून हातात धरली. कोण कुणाची, त्याला ठाऊक नव्हतं. पण परक्या घरातला आनंद पाहूनही माणसाला बरं वाटतंच.

"आणि तू काय तिथे उभा राहिलायस ठोंब्यासारखा?" ती बाई डोळे पुसत म्हणाली. "आत ये की! तुझंच घर आहे!"

पर्सीने मागे पाहिलं. वाटेवर पुष्कळ माणसं उभी होती, टोप्या हातात धरून. यांतल्या कुणाला ती म्हणतेय ते त्याला कळेना. म्हणून तो अदबीने बाजूला सरला आणि त्या सगळ्यांना आत जायला वाट करून दिली.